बारीक टायपातली धमनी

"नेहमीच?" इलेनियाने विचारलं, आणि त्याच क्षणी तिच्या पांढऱ्या कोटाच्या खिशातला फोन दोनदा थरथरला.

टेबलापलीकडच्या मुलीने, अझ्झुर्रा तिचं नाव, आधी छताकडे पाहिलं आणि मग मागच्या बाकांकडे. पादोवाच्या विद्यापीठातल्या तोंडी परीक्षा अशा चारचौघांतच होतात. ज्यांची पाळी यायची आहे ते मागे बसून दुसऱ्याची फजिती ऐकतात आणि तेवढ्यात जमेल ते शिकून घेतात. "नेहमीच, मॅडम," अझ्झुर्रा म्हणाली. "महाधमनी श्वासपटलातून खाली उतरली की तिला पुढच्या बाजूने एक आखूड खोड फुटतं. त्याला तीन फांद्या. एक जठराला, एक वळणं घेत घेत प्लीहेला आणि तिसरी यकृताला. यकृताच्या दारापाशी तिचे दोन भाग होतात, उजवा आणि डावा." बोलताना ती हवेत बोटांनी फांद्या काढत होती. तिने हे पाठ केलेलं नव्हतं, तिला ते दिसत होतं, आणि म्हणूनच इलेनियाला ती आवडली होती. 'नेहमीच?' हा इलेनियाचा ठरलेला सापळा होता. शरीररचनेच्या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाचा मुख्य मजकूर मोठ्या टायपात असे, आणि खाली, डोळे ताणून वाचावं लागेल अशा बारीक टायपात, ज्या माणसांच्या शरीराने पुस्तक वाचलेलं नसतं त्यांची हकिगत असे. शंभरातल्या दहापंधरा माणसांत यकृताची उजवी धमनी त्या खोडातून येतच नाही. ती बोटभर खालून, आतड्यांना रक्त देणाऱ्या मोठ्या धमनीतून निघते आणि स्वादुपिंडाच्या मागून चोरवाटेने वर चढते. बारीक टाइप कुणी वाचत नाही. जो 'नेहमीच' म्हणाला त्याचे तिसातले तीन मार्क गेले, हे मागच्या बाकांवर सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तरी दर वर्षी अर्धेअधिक अडकत.

तिने टेबलाखाली फोन पाहिला. दोनातोचा निरोप. दोनातो तिचा वर्गमित्र, इस्पितळात क्ष-किरण विभागात होता, आणि परवा त्यानेच तिच्या हाताच्या शिरेत औषध सोडून पोटातल्या रक्तवाहिन्यांची चित्रं काढली होती. "चित्रं तयार आहेत. बाईसाहेब, तुम्ही चक्क बारीक टायपात निघालात. उजवी धमनी खालून येते. फोन कर."

पोटात गोळा आला. तो कुठून येतो हे सांगायचाच तिला पगार मिळत होता. पोटातल्या अवयवांना कापलेलं कळत नाही, भाजलेलं कळत नाही. ताणलेलं आणि आवळलेलं तेवढं कळतं, आणि तेही नेमकं कुठे ते सांगता येत नाही. महाधमनीच्या त्या खोडाला कोळिष्टकासारखं लपेटून मज्जातंतूंचं एक जाळं बसलेलं असतं. साऱ्या पोटाच्या बातम्या तिथे जमा होतात आणि तिथून मेंदूकडे निघतात त्या पत्ता पुसून. म्हणून माणूस नुसता बरगड्यांच्या खाली हात ठेवतो आणि म्हणतो, इथे काहीतरी होतंय. तिचाही हात तिथे गेला होता. कोटाच्या दुसऱ्या बटणावर.

"अठ्ठावीस," ती म्हणाली.

अझ्झुर्रा बघत राहिली. "पण मी अडकले ना, मॅडम?"

"अडकलीस. घेतेस की नाकारतेस?"

"घेते, घेते!" मागे हशा पिकला. इथे विद्यार्थ्याला मार्क नाकारता येतात. कमी पडलेत असं वाटलं तर नको म्हणायचं आणि पुढच्या वेळी पुन्हा बसायचं. इलेनियाने स्वतः याच विषयात चोवीस नाकारले होते, आणि ते ऐकून तिचा थोरला भाऊ तुल्लिओ आठ दिवस तिच्याशी बोलला नव्हता. "देणारा देतोय आणि ही नको म्हणते! बाजारात असं केलंस तर लोक जोड्याने मारतील," असं तो तिच्याकडे पाठ करून, कढईला उद्देशून म्हणाला होता. आणि मार्च महिन्यात जेव्हा तिने त्याला सांगितलं की माझ्या यकृताचा उजवा भाग तुला देता येईल, उरलेलं दोनतीन महिन्यांत वाढून पुरेसं होतं, तपासण्या करून घेते, तेव्हा तो मान वर न करता म्हणाला होता, "मी नाकारतो. पुढच्या वेळी बसेन." पुढची वेळ नाही हे दोघांनाही माहीत होतं. सहा वर्षं त्याच्या यकृतातल्या पित्तनळ्या आतून चट्टे पडून एकेक करून बंद होत चालल्या होत्या. त्याने आयुष्यात जेवणाबरोबर एका ग्लासापेक्षा जास्त वाइन घेतली नव्हती, पण चौकातले लोक समजायचे ते समजत. डोळे पिवळे झाले तेव्हा त्याने उन्हाचा चष्मा लावायला सुरुवात केली, अगदी खाणावळीच्या स्वयंपाकघरातसुद्धा. रक्तात उतरलेल्या पित्ताने सगळ्या अंगाला खाज सुटे, तळहातांना सर्वांत जास्त, म्हणून ॲप्रनच्या खिशात भाज्या घासायचा ब्रश. गिऱ्हाइकांना वाटे, काय हा स्वच्छतेचा सोस.

पुढचे दोन विद्यार्थी काय बोलले ते तिने ऐकलं, मार्कही बहुधा बरोबर दिले. पण डोक्यात इव्हानो होता, त्यांचा आतेभाऊ. गेल्या वर्षी यकृत द्यायला तो पुढे आला, सगळ्या तपासण्या पार पडल्या, आणि शेवटी चार शब्दांचं पत्र आलं. 'रक्तवाहिन्यांची रचना अनुकूल नाही.' बाबा पंचाहत्तरीचे, ते वयामुळेच बाद. आई इलेनिया नऊ वर्षांची असतानाच गेली होती. उरली इलेनिया. आणि आता तीही बारीक टायपात. आठ वर्षं ती पोरांना सांगत आली होती की हे अपवाद विसरू नका. पण विसरू नका म्हणताना आपण ते शेल्फावरच्या बरण्यांत ठेवल्यासारखे ठेवले होते, हे तिच्या आता लक्षात येत होतं. आपल्या बरगड्यांच्या आत, चौतीस वर्षं, दर ठोक्याला, रक्त चोरवाटेने वर चढत होतं आणि त्याची आपल्याला गंधवार्ता नव्हती.

मधल्या सुट्टीत तिने जिन्यातून फोन केला.

"अगं, किती सुरेख आहे माहितीये?" दोनातो म्हणाला. "जाडजूड, एकदम सरळ. तुझ्या पोरांना दाखवायला छापून देतो."

"दोनातो. चालेल का ते सांग."

"मी फोटोग्राफर. लग्न जमवणारा नाही. चार वाजता ऑपरेशन करणाऱ्या स्कियावोन बाई बघतील ना? त्यांना विचार."

"पण तुला काय वाटतं?"

तो क्षणभर थांबला. "मला वाटतं तू आधी काहीतरी खाऊन घे," तो म्हणाला, आणि त्या क्षणभरात इलेनियाने सगळा निकाल ऐकला.

जुलैच्या उन्हात सायकलवरून जाताना तिला पुन्हा पुन्हा एकच दिसत होतं, घरचं स्वयंपाकाचं टेबल आणि त्यावर पसरलेला वर्तमानपत्राचा कागद. चोवीस नाकारल्यावरचा नववा दिवस. तुल्लिओ बाजारातून आला तो कागदात काहीतरी जड गुंडाळून घेऊन. कोकराचं आतलं सगळं सबंध, न कापता. फुप्फुसं, काळीज, यकृत, खाली लोंबणारं जठर. "घे," तो म्हणाला. "एवीतेवी मास्तर तुला नावंच विचारणार. मी दाखवतो, तू नावं सांग." तो तेव्हा बत्तीसचा आणि ती बावीसची. आई गेल्यावर तांत्रिक शाळा सोडून तो वडिलांच्या वजडीच्या गाड्यावर उभा राहिला होता, आणि त्याने तोपर्यंत हजारो वजड्या धुतल्या, उकडल्या, कापल्या होत्या. नावं त्याला येत नव्हती, पण त्याची सुरी कुठेही अडखळत नव्हती. दोन पडद्यांच्या मधे बोट घालून तो म्हणे, "हे इथून आपोआप सुटतं, बघ. कापायचं नाही. ज्याला कापावं लागतं त्याला कळलेलं नाही." ती लॅटिन नाव सांगे, तो ते तोंडात घोळवी, आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला वाढताना त्या आखूड खोडाचं नाव घेऊन म्हणे, "आज त्रुंकुस चेलियाकुस एकदम ताजा आहे, वकीलसाहेब." यकृताकडे जाणाऱ्या वाहिन्यांच्या जुडीमागे एक भोक असतं, त्यात बोट घातलं की पुढे एक मोठी शीर आणि मागे दुसरी, मधे आपलं बोट. तुल्लिओने तिचं बोट धरून तिथे घातलं होतं. त्याने दाखवेपर्यंत ती ते भोक फक्त वाचत आली होती. पुढच्या परीक्षेत तिला तीस मिळाले, आणि तिने घरी येऊन ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "कोकराला पंधरा दे त्यातले."

तुल्लिओच्या खाणावळीत सहा टेबलं. दुपारी दोनला गर्दी ओसरली होती. टपालखात्यातून निवृत्त झालेला रुज्जेरो तेवढा कोपऱ्यात, कलेजी-कांद्याच्या ताटलीतला रस पावाने पुसत होता. तुल्लिओ काउंटरमागे, काळा चष्मा, मागच्या वर्षीपेक्षा दोन मापं लहान झालेला. ॲप्रनची नाडी आता त्याच्याभोवती दोनदा फिरत होती.

"या, प्रोफेसरीणबाई. किती बळी घेतले आज?"

ती थांबायला हवी होती. चार वाजेपर्यंत, दोन तास. पण त्याच्यासमोर तिला कधी काही दोन तास पोटात ठेवता आलेलं नव्हतं, आणि बारीक टाइप म्हणजे मार्क गेले ही आठ वर्षांची सवय तिच्या जिभेवर बसली होती. "तुल्लिओ, जमत नाहीये," ती म्हणाली. "चित्रं आली. माझी उजवी धमनी भलत्याच ठिकाणाहून निघते. इव्हानोसारखंच."

तुल्लिओने चष्मा काढला. पिवळे डोळे, आणि त्यांत चक्क हसू. काउंटरवर हात आपटून तो ओरडला, "रुज्जेरो! प्यालाभर घे माझ्याकडून!"

"कुणाचं लग्न?"

"माझ्या बहिणीची एक शीर वाकडी निघाली!"

"शीर नाही, धमनी," इलेनिया सवयीने म्हणाली.

"तिचं डोकं वाकडं आहे हे तर सगळ्या चौकाला माहीत होतं," रुज्जेरो म्हणाला आणि त्याने प्याला पुढे केला.

तुल्लिओ बोलतच सुटला. मार्चपासून त्याला झोप नव्हती. डोळे मिटले की ही टेबलावर आडवी, पोट उघडं, आणि कुणीतरी भलताच माणूस सुरी धरून. "मी चौदा वर्षं तुला सायकलच्या दांडीवर बसवून फिरवली ती काय माझ्यासाठी कापायला? आता संपलं. आता प्रतीक्षायादीतून मिळेल तेव्हा मिळेल, एखाद्या मेलेल्या बिचाऱ्याचं. बस. खा. हडकली आहेस." त्याने तिच्यापुढे वजडी ठेवली, वर चीज किसून, मग आणखी किसून, आणि ती खाईपर्यंत उभा राहिला. इतका आनंदी तो तिला कित्येक महिन्यांत दिसला नव्हता. ती खात गेली. जिभेवर चव होती आणि पोट दगडासारखं, कारण घाबरलेल्या माणसाच्या आतड्यांतून रक्त आटतं, ते हातापायांकडे जातं, पळायला. ती पळाली नाही. पाव संपला म्हणून ती स्वतःच उठून आतल्या खोलीत गेली.

तुल्लिओ तिच्या आधीच आत आला होता. तिच्याकडे पाठ करून, उकळत्या पातेल्यासमोर उभा राहून, तो तळहात ब्रशने घासत होता, पातेल्याच्या तळाला लागलेलं खरवडावं तसा. त्याला ती आल्याचं कळलं नाही. पावाच्या टोपलीशेजारी, पिठाच्या पोत्यामागे, एक लहान सूटकेस उभी होती. चेन अर्धी उघडी. आत नवे सपाते, अजून लेबल न काढलेले. घडी केलेला निळा पायजमा. दाढीचं सामान. आणि वर इस्पितळाने पहिल्या भेटीत दिलेला कागद, 'दाखल होताना सोबत काय आणावे', ज्यावर त्याने एकेका वस्तूपुढे पेन्सिलीने खूण केली होती. खुणांखाली त्याने घातलेली तारीख मार्चची होती. म्हणजे 'नाकारतो' म्हणाला त्याच आठवड्यातली.

ती पाव घेऊन उलट्या पावली बाहेर आली. रुज्जेरो म्हणाला, "काय गं, भूत बघितलंस?" तिने मान हलवली. ज्याला कापावं लागतं त्याला कळलेलं नाही. चार महिने ती या माणसाचं 'नाही' म्हणजे नाहीच असं समजून वाद घालत होती, आकडे सांगत होती, टक्केवारी सांगत होती, आणि तो रात्री उठून पायजम्याची घडी बसवत होता. त्याला जगायचं होतं, तिच्या जिवावर उठून नव्हे, पण जगायचं होतं, आणि या दोन गोष्टी इतक्या चिकटून होत्या की सोडवताना दोन्हींना चीर पडली असती. आणि तिने आत्ताच, वजडी खाता खाता, त्यातली एक कापून टाकली होती.

चार वाजता डॉक्टर स्कियावोन पडद्यापुढे वाकून बसल्या होत्या. बुटक्या, पन्नाशीच्या, टेबलावर अर्धं खाल्लेलं जर्दाळू. पडद्यावर इलेनियाचं पोट फिरत होतं, हाडं करडी, धमन्या पांढऱ्याशुभ्र. तिने आयुष्यभर मेलेल्यांच्या धमन्या पाहिल्या होत्या, रिकाम्या, चपट्या, चिमट्याने उचलाव्या लागणाऱ्या. ही, तिची उजवी धमनी, भरलेली होती. खालून निघून, स्वादुपिंडाच्या मागून, एखादी मुलगी जिन्याच्या मागच्या बाजूने वर धावत जावी तशी ती वर जात होती.

"छान," स्कियावोनबाई म्हणाल्या.

"छान?"

"अहो, उजवा भाग मी काढणार, आणि त्याला स्वतःची वेगळी धमनी. लांब, जाड, एकटी. डाव्या बाजूची, जी तुमच्याकडे राहणार, तिला हातसुद्धा लावायला नको. भावाकडे जोडायलाही सोपं. मला तर अशीच रचना आवडते."

"पण ही... ही अपवादातली आहे. आमच्या आतेभावाला तुम्हीच नाही म्हणालात."

"त्यांची यकृताकडे जाणारी मोठी शीर दारातच तीन फाट्यांत फुटली होती. ती गोष्ट वेगळी." बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही हेच शिकवता ना?"

"शिकवते," इलेनिया म्हणाली. "कुठून निघते ते विचारते. कुठे जोडता येईल ते कधी विचारलं नाही."

"मेलेल्यांना काय जोडायचं असतं," बाई म्हणाल्या आणि उरलेलं जर्दाळू त्यांनी तोंडात टाकलं. पुढच्या गुरुवारी न्यायाधीशांसमोर जायचं होतं, हे मी माझ्या खुशीने देते आहे, कुणाचा दबाव नाही, असं सांगायला. "आणि भाऊ? ते घेणार ना? मला त्यांच्या तोंडून ऐकावं लागेल."

खाणावळीचं शटर अर्धं खाली होतं. ती वाकून आत शिरली. तुल्लिओ एकटाच टेबलाशी बसून संध्याकाळचे कांदे चिरत होता. पांढऱ्या कांद्यांची बारीक चिरलेली रास, आणि चष्मा बाजूला काढून ठेवलेला. डोळे लाल होते की पिवळे हे त्या उजेडात सांगता आलं नसतं. तिने खुर्ची ओढली. सायकलवरून येताना तिने वाक्यं जुळवली होती, आकडे नसलेली, सरळ. त्यातलं एकही आठवेना.

"मी चुकले," ती म्हणाली. "ती धमनी चालते. नुसती चालत नाही, त्यांना तीच हवी आहे."

सुरी थांबली.

"दुपारी मी तुला जे सांगितलं ते कुणी मला सांगितलं नव्हतं. माझं मीच ठरवलं होतं. माझ्या पोरांसारखं, पुढचं न वाचता."

त्याने कांद्यांकडे पाहिलं. मग आतल्या खोलीच्या दाराकडे, आणि मग तिच्याकडे. ती त्या दाराकडे मुद्दाम पाहत नव्हती, आणि तिला काय दिसलं असेल ते त्याला तेवढ्यावरून समजलं. त्याचे कान लाल झाले. लहानपणी बाबांच्या गल्ल्यातून तिच्या सहलीचे पैसे काढताना पकडला गेला होता तेव्हा झाले होते तसे.

"सपाते मोठे झालेत," तो म्हणाला. "पाय पण बारीक झाले माझे."

"बदलून आणू."

"दुखेल तुला?"

"यकृताला आतून काही कळत नाही. वरच्या पडद्याला कळतं, आणि कातडीला. आठवडाभर हसता येणार नाही."

"मग मला तुझ्या खोलीत ठेवू नका म्हणावं." त्याने सुरी पुसून खाली ठेवली. ॲप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले. "कुठून?"

तिने उठून आपल्या उजव्या बरगड्यांवरून बोट फिरवलं. तो उठून जवळ आला. कांद्याचा वास, पिठाचा वास, आणि त्याखाली त्या आजाराचा एक गोडसर वास, जो तिला आता घरचा वाटत होता. त्याने हात पुढे केला आणि तो मधेच थांबला. आयुष्यभर हजारो जनावरांच्या आत कोपरापर्यंत गेलेला हात.

"ठेव ना."

त्याने बरगडीच्या कडेखाली बोटं टेकवली. नको इतकी हलकी.

"जरा दाबून. आत आणि वर. फुटणार नाही काही."

"मला शिकवतेस?"

"शिकवते. आता गप्प उभा राहा." ती त्याच्या खांद्यावर एक हात ठेवून सावकाश श्वास घेऊ लागली. श्वासपटल खाली गेलं, त्याच्याखालचं यकृत, उबदार, दीड किलोचं, त्यातलं अर्ध्याहून जास्त आता त्याचं, पटलाबरोबर खाली सरकलं, आणि त्याची मऊ कड आतून येऊन त्याच्या बोटांना लागली. तुल्लिओचा चेहरा बदलला. तिने श्वास सोडला तशी ती कड वर निघून गेली.

बाहेर रुज्जेरो शटरवर काठीने ठोठावून विचारत होता, आज उघडणार आहात की नाही? तुल्लिओने तिकडे मान वळवली नाही. हातही काढला नाही.

"पुन्हा," तो म्हणाला.